चौथ्या स्टेजची मूळव्याध: एक डॉक्टर लेझर म्हणतात, दुसरे स्टेपलर, तिसरे कापायचं म्हणतात. काय करावं?

रेणापूरची_लेक

नमस्कार, विषय जरा संकोचाचा आहे पण आता संकोच करून भागणार नाही म्हणून लिहितेय. आमचे मिस्टर ट्रॅव्हल्सवर ड्रायव्हर आहेत, लातूर-पुणे रात्रीची गाडी, वय 44. मूळव्याधीचा त्रास बऱ्याच वर्षांचा, आधी नुसतं रक्त जायचं तेपण कधीतरी, मग डाफ्लॉनच्या गोळ्या घ्यायचे, मलम लावायचे, चार दिवस बरं वाटलं की परत गाडीवर. पण दिवाळीपासून मोड बाहेरच राहतोय. आधी संडासला गेल्यावर यायचा आणि बोटाने ढकलला की आत जायचा, आता ढकलला तरी टिकत नाही, खोकला आला तरी बाहेर. टेंभुर्णीला गाडी थांबते, प्रवासी चहा पितात आणि हे तेवढ्या वेळात संडासात जाऊन धुऊन मोड आत घालत बसतात. सीटवर दुमडलेला टॉवेल घेतात, तो मी धुवायला घेतला की कळतं रात्री किती त्रास झाला असेल, स्वतः तोंडाने काही बोलत नाहीत.

आता चक्कर आली म्हणून रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन 7.9 निघालं, मग मी हट्टच धरला आणि डॉक्टरांकडे नेलं. पहिले डॉक्टर म्हणाले लेझर करू, कापाकापी नाही, टाके नाहीत, दुसऱ्या दिवशी कामावर, 80 हजारांचं पॅकेज. त्यांनी नीट तपासलं पण नाही, मोबाईलमधला फोटो बघितला आणि सांगितलं. दुसरे पुण्यातले, गाडीच्या मालकांच्या ओळखीचे, त्यांनी स्टेपलर सांगितलं, एमआयपीएच का काय म्हणतात ते, बाहेरून जखम नसते म्हणे. तिसरे आमच्या भागातले जुने सर्जन, त्यांनी बोटाने तपासलं, नळी घालून बघितलं आणि म्हणाले चौथी स्टेज आहे, आतला-बाहेरचा दोन्ही आहे, उघडं ऑपरेशन करून काढावं लागेल, दुखेल पण सुटाल.

सासूबाई म्हणतात सुरण आणि ताक द्या, नाहीतर क्षारसूत्र करा. शेजारचे एक जण म्हणतात बाजाराजवळ एक जण इंजेक्शन देऊन मोड पाडतो, हजार रुपयांत. मला तर काहीच सुधरेना. कुणी यातून गेलंय का? खरंच लेझर एवढं चांगलं असेल तर कर्ज काढून करू, पण परत परत होणार असेल तर काय उपयोग. प्लीज सांगा.

तालुक्याचा_सर्जन

ताई, मी जनरल सर्जन आहे. पेशंट न बघता "हेच करा" असं इथून सांगणं बरोबर नाही, पण विचार कसा करायचा ते सांगतो म्हणजे डॉक्टरांसमोर बसल्यावर तुम्हाला नेमकं विचारता येईल.

सगळ्यात आधी हिमोग्लोबिन. 7.9 हे मोडातल्या रक्तामुळेच झालंय असं धरून चालू नका. बहुतेक वेळा तेच कारण निघतं, तरी 44 वय आणि एवढा ॲनिमिया म्हटल्यावर कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीची तपासणी, करून आतड्यात दुसरीकडून रक्त जात नाही ना हे बघून घ्यायलाच हवं, ऑपरेशन कुठलंही करा. सोबत लोहाचं इंजेक्शन सलाईनमधून देता येतं, गोळ्यांपेक्षा लवकर भरून येतं आणि गोळ्यांनी शौच कडक होते तो त्रास पण टळतो. रक्त चढवायचं का ते भूलतज्ज्ञ आणि सर्जन मिळून ठरवतील.

आता मूळ मुद्दा. गुदद्वाराच्या आत रक्तवाहिन्यांच्या मऊ गाद्या सगळ्यांनाच असतात, मुख्य तीन, पेशंट पाठीवर पाय वर करून झोपला तर घड्याळातल्या 3, 7 आणि 11 च्या जागी. त्या फुगल्या आणि जागा सोडून खाली घसरल्या की मूळव्याध. नुसतं रक्त पडतं ती पहिली स्टेज, मोड बाहेर येऊन आपोआप आत जातो ती दुसरी, हाताने ढकलावा लागतो ती तिसरी, ढकलूनही राहत नाही ती चौथी. पण नुसत्या स्टेजवर भागत नाही. आत एक सीमा असते, डेंटेट लाइन म्हणतात. तिच्या वरच्या भागाला कापल्या-टोचल्याची वेदना नसते आणि खालच्या भागाला, म्हणजे कातडीकडच्या, प्रचंड असते. लेझर, स्टेपलर, रबर बँड (मोडाच्या मुळाशी रबराची कडी बसवतात तो) या सगळ्यांचं कमी दुखण्याचं कारण एवढंच की ते काम त्या सीमेच्या वर चालतं. मग ज्याचा मोड खालच्या भागातही आहे, ज्याला तुमच्या सर्जननी आतला-बाहेरचा दोन्ही म्हटलंय, त्याचा खालचा भाग या पद्धतींनी निघत नाही. ही गोष्ट जाहिरातीत कुणी सांगत नाही आणि मला त्याचा मनापासून राग येतो, कारण पेशंट कर्ज काढून येतो आणि सहा महिन्यांनी म्हणतो डॉक्टर अजून काहीतरी हाताला लागतंय.

स्टेपलर म्हणजे गोल मशीन आत घालून त्या सीमेच्या वर आतल्या अस्तराची एक कडी कापतात आणि त्याच झटक्यात टायटॅनियमच्या पिना बसतात. मोड कापला जात नाही, वर ओढून बसवला जातो. इटलीच्या अँटोनियो लाँगो यांनी 1998 मध्ये ही पद्धत मांडली. सुरुवातीला दुखणं खरंच कमी, पण मोड परत खाली येण्याचं प्रमाण कापलेल्या ऑपरेशनपेक्षा जास्त, आणि काही जणांना नंतर शौचाची घाई होण्याचा त्रास राहतो, संडासची लागली की थांबवत नाही. रात्रीची गाडी चालवणाऱ्या माणसाला याचा अर्थ काय होतो ते तुम्हाला सांगायला नको.

लेझरमध्ये दोन वेगळे प्रकार एकाच नावाने विकले जातात. एकात बारीक फायबर मोडाच्या आत घालून ऊर्जा देतात, मोड आतल्या आत आक्रसतो आणि पुढच्या काही आठवड्यांत बारीक होतो. बहुतेक ठिकाणी 1470 नॅनोमीटरचं डायोड मशीन असतं. दुसऱ्या स्टेजला आणि न पसरलेल्या तिसऱ्या स्टेजला हे छान काम करतं, मी स्वतः पाठवतो अशा पेशंटना. चौथ्या स्टेजला, बाहेरचा भाग असेल तर, परत होण्याची शक्यता बरीच. दुसऱ्या प्रकारात लेझर फक्त सुरीच्या जागी वापरतात, म्हणजे कापणं तेच, जखम तीच, दुखणं जवळपास तेच. म्हणून विचारा, फायबर आत घालून सुकवणार आहात की लेझरने कापणार आहात. उत्तर गोलमाल आलं तर उठून या.

एचएएल म्हणून अजून एक आहे, डॉपलरने मोडाकडे येणारी धमनी शोधून ती टाक्याने बांधतात आणि घसरलेलं अस्तर टाक्यांनी वर उचलतात. चांगली पद्धत आहे पण तीपण मुख्यतः दुसऱ्या-तिसऱ्या स्टेजची.

राहिलं उघडं ऑपरेशन. लंडनच्या सेंट मार्क्स हॉस्पिटलच्या मिलिगन आणि मॉर्गन यांनी 1937 मध्ये लिहिलं, आज पण जगभर तेच चालतं. तिन्ही ठिकाणचा मोड मुळापासून सोडवून बांधून काढतात, मधेमधे अस्तराचे पट्टे मुद्दाम शिल्लक ठेवतात नाहीतर भरताना जागा आवळते, आणि जखम उघडी ठेवतात, ती आपोआप खालून भरत येते. टाके घालून जखम बंद करायची पद्धत पण आहे, फर्ग्युसन म्हणतात. लिगाशुअरसारख्या मशीनने काढलं तर रक्तस्राव कमी, वेळ कमी आणि सुरुवातीचं दुखणंही थोडं कमी होतं, पण त्याचा खर्च वाढतो. परत होण्याचं प्रमाण सगळ्या पद्धतींत याचं सर्वांत कमी. किंमत मोजावी लागते ती वेदनेची आणि रजेची.

तुमच्या तीन डॉक्टरांपैकी एकानेच बोट घालून, नळी घालून बघितलंय. मला विचाराल तर माझं वजन त्यांच्या शब्दाला.

भीमाकाठचा

ताई मी प्राथमिक शिक्षक आहे, मला पण चौथीच स्टेज होती आणि उघडंच ऑपरेशन झालंय, त्यामुळे खरं खरं सांगतो, घाबरवायला नाही तर तयारीत राहावं म्हणून.

ऑपरेशनमध्ये काहीच कळलं नाही, कंबरेत इंजेक्शन देतात, पाय जड होतात, डॉक्टर-सिस्टर गप्पा मारतात ते ऐकू येतं. खरा खेळ नंतर. संध्याकाळी लघवीच होईना, पोट टम्म झालं आणि मी लाजेने सांगत नव्हतो, शेवटी आमच्या आईने सिस्टरना बोलावलं, त्यांनी नळी घातली आणि जीवात जीव आला. हे बऱ्याच जणांना होतं म्हणे, विशेषतः पुरुषांना, तर तुमच्या मिस्टरांना आधीच सांगून ठेवा की लघवी अडली तर लगेच सांगायचं.

पहिली शौच. ती विसरणार नाही मी कधी. भीतीनं दोन दिवस थांबवून ठेवली होती आणि तेच वाईट, जेवढं थांबवाल तेवढं कडक होतं. डोळ्यातून पाणी आलं, घाम फुटला, पण झाल्यावर लगेच कोमट पाण्याच्या टबात बसलो आणि पाच मिनिटांत आग शांत व्हायला लागली. तो टब म्हणजे माझं घरच झालं होतं पहिला आठवडा. साधा प्लॅस्टिकचा घमेल्यासारखा टब, त्यात बसता येईल एवढा, पाणी हाताला सोसेल इतकंच गरम, दिवसातून तीन-चारदा आणि प्रत्येक शौचानंतर. शौच मऊ करणारं लॅक्टुलोजचं सिरप रात्री, इसबगोल, पपई, भाज्या, भरपूर पाणी. डॉक्टरांनी डिल्टियाझेमचं मलम दिलं होतं त्याने आतला स्नायू सैल पडतो, त्याचा मला खूप फरक पडला, आणि जंतूंवरच्या मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या.

चड्डीत कापसाचा पॅड ठेवावा लागतो, पिवळसर पाणी आणि थोडं रक्त येत राहतं, वास पण येतो, माणूस स्वतःलाच नकोसा होतो. घरातल्यांनी नाक मुरडलं नाही ना की अर्धं दुखणं कमी होतं. माझ्या बायकोने ते सगळं केलं आणि एकदाही तोंड वाकडं केलं नाही, तिचे उपकार कसे फेडू कळत नाही.

पण आता बरीच वर्षं झाली, वर्गात उभा राहतो, पंढरीची वारी पायी करतो, मोड परत आला नाही. ऑपरेशन करून घेतलं याचं समाधान आहे.

नाशिकची_द्राक्षं

मी लेझर केलंय, तिसरी स्टेज होती, एकच मोड मोठा होता आणि बाहेरचा काही नव्हता. दुसऱ्या दिवशी घरी, तिसऱ्या दिवशी स्वयंपाक केला, आठवड्याने ऑफिस. अजिबात दुखत नाही म्हणतात ते खरं नाही, सूज होती आणि बसताना टोचायचं, पण वर गुरुजींनी लिहिलंय तसलं काही नव्हतं. मला अजून तरी त्रास नाही. लेझर वाईट नाही हो, फक्त सर्जन म्हणतात तसं कुणाला करायचं ते बघायला हवं. माझ्या जावेला पण मी लेझरच सांगितलं होतं पण तिला नळी घालून बघितल्यावर डॉक्टरच नाही म्हणाले, बाहेरची कातडी खूप आहे म्हणाले, तिचं उघडं झालं.

लेस्टरची_मावशी

मी इंग्लंडमध्ये सर्जिकल वॉर्डात नर्स आहे, मूळची साताऱ्याची. इथे यावर मोठे अभ्यास झालेत त्यातले दोन सांगते कारण ते नेमके तुमच्या प्रश्नाला लागू आहेत.

पहिला ईथॉस नावाचा, 2016 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात आला. 777 पेशंट घेतले, दुसरी ते चौथी स्टेज, चिठ्ठ्या टाकल्यासारखं अर्ध्यांना स्टेपलर आणि अर्ध्यांना नेहमीचं कापायचं ऑपरेशन. सुरुवातीचे काही आठवडे स्टेपलरवाले कमी दुखण्यात होते. पण दोन वर्षांचा हिशेब केल्यावर कापलेल्यांची तब्येत आणि रोजचं जगणं जास्त चांगलं निघालं, मोड परत येणं त्यांच्यात कमी, आणि खर्चसुद्धा कमी. स्टेपलरचं मशीन एकदा वापरून टाकायचं असतं, ते महाग पडतं.

दुसरा हबल, तोपण 2016 चा लॅन्सेटमधलाच, त्यात दुसऱ्या-तिसऱ्या स्टेजला रबर बँड विरुद्ध एचएएल होतं. वर्षभरात बँडवाल्यांपैकी 49 टक्के आणि एचएएलवाल्यांपैकी 30 टक्के लोकांना परत त्रास झाला, पण बँड ओपीडीत पाच मिनिटांत होतो, गरज पडली तर पुन्हा लावता येतो, भूल लागत नाही, त्यामुळे खर्चाच्या मानाने बँडच सरस ठरला. तुमच्या मिस्टरांची स्टेज याच्या पुढची आहे, पण हे वाचणाऱ्या बाकीच्यांना सांगते, दुसऱ्या स्टेजलाच दाखवलं असतं तर कित्येकांचं ऑपरेशन टळतं. लाज धरून बसू नका रे बाबांनो.

आता नर्स म्हणून दोन गोष्टी. दुखायला लागल्यावर गोळी असं करू नका, पहिले दिवस घड्याळ लावून ठरल्या वेळी पॅरासिटामॉल आणि डॉक्टरांनी दिलेली दुसरी गोळी द्यायची, दुखणं एकदा चढलं की उतरवायला फार वेळ लागतो. ट्रामाडोल, कोडीन असलं काही दिलं तर त्याने बद्धकोष्ठता होते, मग सिरप चुकवायचं नाही. सिरप ऑपरेशनच्या एक-दोन दिवस आधीपासूनच चालू करायला मिळतं का ते विचारा, आमच्याकडे बरेच सर्जन तसंच करतात. आणि ताप आला, ओटीपोटात दुखणं वाढत चाललं, लघवी अडली, ही तीन एकत्र दिसली तर रात्र असो दिवस असो हॉस्पिटल गाठायचं, आतला जंतुसंसर्ग क्वचित होतो पण झाला तर वाट बघायची नसते.

शल्यतंत्राचा_वैद्य

सासूबाईंच्या क्षारसूत्राबद्दल लिहितो कारण त्याची पण चेष्टा होऊ नये आणि त्याचा बाजार पण होऊ नये असं मला वाटतं.

सुश्रुतसंहितेत अर्शाला, म्हणजे मूळव्याधीला, चार उपाय सांगितलेत, औषध, क्षार, अग्नी आणि शस्त्र, आणि कुठल्या अवस्थेला कुठला ते पण सांगितलंय. क्षारसूत्र म्हणजे दोऱ्यावर औषधांचे 21 लेप, आधी 11 लेप नुसत्या स्नुहीच्या (निवडुंगाच्या) चिकाचे, मग 7 चीक आणि आघाड्याचा क्षार मिळून, शेवटचे 3 चीक आणि हळदीचे. प्रत्येक लेप वाळवूनच पुढचा द्यायचा, घाई चालत नाही. भगंदराला, म्हणजे गुदद्वाराजवळच्या नाडीव्रणाला, हा दोरा फार सुंदर काम करतो, ती त्याची खरी जागा. मूळव्याधीत मोडाच्या मुळाशी बांधला तर मोड सुकून गळतो, ज्याचा मोड देठावर लटकल्यासारखा आहे त्याला बरं पडतं. पण गोल पसरलेला, बाहेरच्या कातडीसकटचा मोड आणि हिमोग्लोबिन 7.9, अशा पेशंटला मी स्वतः दोऱ्याचा आग्रह धरणार नाही. कुणी करणार असेल तर तो शल्यतंत्रात, म्हणजे आयुर्वेदातल्या शस्त्रक्रियेच्या शाखेत, एमएस झालेला आहे का ते विचारा, नोव्हेंबर 2020 च्या अधिसूचनेत या शस्त्रक्रिया त्यांच्याच पदवीला जोडलेल्या आहेत, बोर्डावर नुसतं क्षारसूत्र लिहिलं म्हणून कुणी तज्ज्ञ होत नाही.

सुरण, ताक जरूर द्या, शौच मऊ राहायला मदत होते, पण त्याने बाहेर आलेला चौथ्या स्टेजचा मोड आत जाणार नाही.

आणि तो हजार रुपयांचा इंजेक्शनवाला. ताई, हात जोडून सांगतो, तिकडे पाऊल टाकू नका. इंजेक्शनची खरी पद्धत आहे, डॉक्टर पहिल्या-दुसऱ्या स्टेजला ठरलेल्या औषधाचं ठरलेल्या जागी देतात. हे लोक काय भरून टोचतात कुणालाच माहीत नसतं. माझ्याकडे असला एक पेशंट आला होता, आतलं सगळं जळून गेलेलं, भरताना मार्ग इतका आवळला की करंगळी जाईना, त्या माणसाला साध्या शौचासाठी पुढे कितीदा भूल घ्यावी लागली. मोड परवडला पण ते नको.

कृष्णाकाठ

कोलोनोस्कोपीचं सर्जननी लिहिलंय ते कृपा करून टाळू नका. माझ्या वडिलांना रक्त जायचं, गावातल्या डॉक्टरांनी मूळव्याध म्हणून गोळ्या दिल्या, मलम दिलं, परत रक्त, परत गोळ्या, कुणी एकदाही बोटाने तपासलं नाही. वडिलांना मोड होताच, म्हणून सगळे निर्धास्त. पुढे वजन उतरलं, शौचाची सवय बदलली, अर्धवट झाल्यासारखं वाटायचं, तेव्हा एका सर्जननी पहिल्यांदा बोट घातलं आणि त्यांना गाठ लागली. कॅन्सर होता गुदाशयाचा. बोटाला लागण्याइतका जवळ. आता पोटावर पिशवी आहे, वडील हिंडतात फिरतात, शेतावर जातात, पण ही गाठ खूप आधी सापडली असती ही गोष्ट आमच्या घरातून जात नाही. मूळव्याध असली म्हणून दुसरं काही नसेल असं नसतं. मिस्टरांच्या घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर झाला होता का तेपण सर्जनना सांगा.

रेणापूरची_लेक

तुम्हा सगळ्यांचे किती आभार मानू. मी सगळे रिप्लाय यांना वाचून दाखवले, गुरुजींचा वाचताना हे पहिल्यांदा बोलले की मला पण तसंच होतं, मी कुणाला सांगू. एवढं बोललेच नव्हते कधी.

सरकारी मेडिकल कॉलेजला जाऊन कोलोनोस्कोपी करून घेतली, देवाच्या कृपेने आत काही निघालं नाही, मोडच आहे. पोट साफ करायचं ते पाणी पिताना जरा त्रास झाला तेवढाच. लोहाचं इंजेक्शन चालू केलंय. तिथल्या सर्जननी पण नळीने बघून उघडंच सांगितलं, आणि ते जुने सर्जन काय म्हणाले ते आम्ही सांगितलं पण नव्हतं. हिमोग्लोबिन वर आलं की तारीख देणार आहेत. लेझरचा विचार सोडला. हे म्हणतात एकदाच काय ते होऊन जाऊ दे.

आता प्रश्न गाडीचा. मालक म्हणतात आठ दिवसांनी ये नाहीतर दुसरा ड्रायव्हर बघतो. आठ दिवसांत गाडीवर बसता येईल का हो? आणि खर्चाचं जनआरोग्य योजनेत काही होतं का? आमचं केशरी रेशनकार्ड आहे.

तालुक्याचा_सर्जन

कोलोनोस्कोपी स्वच्छ आली हे ऐकून फार बरं वाटलं ताई.

आठ दिवसांनी अजिबात नाही. यात दुखण्यापेक्षा मोठं कारण सांगतो. जिथे मोड बांधलेला असतो तिथलं टोक गळून पडायची वेळ साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या मधली असते, आणि थोड्या पेशंटना नेमकं त्याच काळात अचानक मोठं रक्त जातं. तोपर्यंत माणूस बरा वाटायला लागलेला असतो म्हणून गाफील असतो. हॉस्पिटलजवळ असला तर काही नाही, परत एक टाका घालून थांबवता येतं. पण तो रात्री दोन वाजता भिगवण-इंदापूरच्या मधे चाळीस प्रवासी घेऊन असेल तर? म्हणून पहिले दोन आठवडे घर आणि हॉस्पिटल यांच्यापासून लांब जायचंच नाही. जखम पूर्ण भरायला बहुतेकांना चार ते सहा आठवडे लागतात. ट्रामाडोलसारखी झोप आणणारी गोळी चालू असेल तोवर स्टेअरिंगला हात लावायचा नाही. त्यानंतर सुद्धा आधी जवळच्या फेऱ्या, मग लांब पल्ला, आणि डिकीत सामान चढवणं-उतरवणं शेवटी. मालकांना सर्टिफिकेट लागेल, डिस्चार्जच्या वेळी विश्रांतीचा कालावधी लिहून मागून घ्या, आम्ही देतो.

गाडीवर परत गेल्यावर संडासची लागली की दाबून ठेवायची नाही हे त्यांच्याकडून कबूल करून घ्या, स्टॉप येईपर्यंत थांबू असं करत करतच ड्रायव्हर लोकांचं हे दुखणं वाढतं. पाण्याची बाटली सीटजवळ. रात्री चहा-वडापाववर काढतात ना सगळे, त्याऐवजी घरून भाकरी-भाजी बांधून द्या. संडासात मोबाईल घेऊन बसायचं नाही, झाली की उठायचं.

योजनेचं असं, कॉलेजमध्येच आरोग्यमित्राचा काउंटर असतो, रेशनकार्ड आणि आधार घेऊन ऑपरेशनची तारीख घ्यायच्या आधी तिथे जा, या ऑपरेशनला मंजुरी बसते का ते त्यांना कॉम्प्युटरवर बघून सांगता येतं. नाही बसली तरी सरकारी कॉलेजात खाजगी पॅकेजसारखा खर्च येत नाही, सावकाराकडे जायची गरज पडणार नाही.

आणि घरी आल्यावर पॅडवर थोडं रक्त, शौचाबरोबर चार थेंब, याला घाबरू नका. पॅड भिजून दुसरा लावला आणि तोही भिजला, किंवा गाठी पडल्या, किंवा उभं राहिल्यावर डोळ्यापुढे अंधारी आली तर ओपीडीच्या दिवसाची वाट बघायची नाही, थेट कॅज्युअल्टी. फाईल दाराजवळ ठेवा, त्यात ऑपरेशनचा कागद आणि हिमोग्लोबिनचा शेवटचा रिपोर्ट वर.

रेणापूरची_लेक

हो डॉक्टर. हे सगळं मालकांना दाखवते आजच. तारीख मिळाली की इथे कळवते.